पत्ता नसलेल्या माणसाचे कुत्रे

रात्री साडेदहानंतर नारायण पेठेत फिरून पाहा. केळकर रस्त्यावरच्या दुकानांची शटर खाली आलेली असतात. लकडी पुलाकडची वाहतूक विरळ होते. मग दुकानांच्या पायऱ्यांवर, फुटपाथच्या कडेला आणि खाली नदीपात्राच्या रस्त्याकडेने दुसरी एक पेठ वसू लागते. तिला घर क्रमांक नाही, मतदार यादी नाही. बोचके उशाला, पोते अंथरायला आणि जुनी साडी पांघरायला एवढाच तिचा संसार असतो. या बिननावाच्या पेठेत माणसांच्या पायथ्याशी जागोजागी एक कुत्रे अंगाचे वेटोळे करून पडलेले दिसते.

अशाच एका पायरीवर एक आजी भेटली. वय सत्तरीच्या आसपास असेल. बहात्तरच्या दुष्काळात आईबापाबरोबर मराठवाड्यातून पुण्यात आली. आयुष्यभर कागद, काच, पत्रा वेचला. शेजारी काळी कुत्री बसली होती. तिच्या एका कानाचे टोक कापलेले.

मी विचारले, "आजी, कुत्री तुमची का?"

आजी हसली. म्हणाली, "माझी कशी आसंल बाळा? मलाच घर न्हाई. पर ती मला सोडत न्हाई."

मग आजीने कानाची हकिकत सांगितली. एका सकाळी ती वेचायला गेली होती. मागे गाडी आली आणि काळीला जाळ्यात घालून घेऊन गेली. कुठे नेले, का नेले, परत आणणार की मारणार, हे कुणी सांगितले नाही. विचारायचे कुणाला, तेही माहीत नाही. पाच रात्री आजीने जागून काढल्या. त्यातल्या तिसऱ्या रात्री पहाटे डोळा लागला आणि उशाचे बोचके गेले. त्यात दोन साड्या होत्या, थोडे पैसे होते आणि नवऱ्याचा एकुलता एक फोटो होता. सहाव्या दिवशी काळी परत आली. पोटावर टाके आणि कान कापलेला. टाक्यांना पाणी लागू द्यायचे नाही, चाटू द्यायचे नाही, हेसुद्धा कुणी बोलले नाही. आजीने फाटक्या पोत्यावर तिला आठ दिवस जवळ घेऊन बसवले. त्या आठ दिवसांची कमाई बुडाली.

मला वाटले, आजी आता ऑपरेशनला शिव्या घालणार. पण ती म्हणाली, "आपरेशन केलं ते झ्याक केलं. आधी वर्षातनं दोनदा व्यायची. पाच-पाच पिल्लं. निम्मी गाडीखाली जायची. ती माजावर आली की धा-धा कुत्री जमायची, रातभर भुकायची. मग वरची माणसं खिडकीतनं वरडायची आन सकाळी पोलीस मलाच उठवायचा. आता ग्वाड झालं. पर बाळा, सांगून न्हेलं आसतं तर?"

वाचकहो, या लेखाला जे म्हणायचे आहे ते सगळे आजीच्या या शेवटच्या वाक्यात आहे. सांगून नेले असते तर?

भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नावर आपल्याकडे दोनच आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, सगळी उचला आणि मारा. दुसरा गाडीतून उतरतो, बिस्किटाचा पुडा फोडतो, कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवतो आणि शेजारी झोपलेल्या माणसाकडे न पाहता निघून जातो. आंबेडकरी माणसाला या दोन्ही आवाजांचा राग येतो आणि तो राग खोटा नाही. ज्या देशात माणसाला पाणी नाही तिथे कुत्र्याचे लाड कशाला, असे आपला कार्यकर्ता सहज बोलून जातो. पण त्या कुत्र्याच्या पलीकडे जो माणूस झोपला आहे तो बहुधा आपलाच आहे, हे आपण विसरतो. मांग आहे, महार आहे, पारधी आहे, वडार आहे, दुष्काळाने आणि कर्जाने गाव सुटलेला कुणीही आहे. त्याला दार नाही, म्हणून कुत्रे हीच त्याची कडी आणि तोच त्याचा कोयंडा. उघड्यावर झोपणाऱ्या एकट्या बाईला रात्री कुत्र्याची किंमत काय असते, हे फ्लॅटच्या दाराला तीन कुलपे लावणाऱ्याला समजणार नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याखाली २००१ साली कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम झाले आणि २०२३ साली त्यांच्या जागी नवे नियम आले. दोन्हींचा गाभा एकच आहे. कुत्रे पकडा, त्याची नसबंदी करा, रेबीजची लस टोचा आणि जिथून उचलले तिथेच परत सोडा. तिथेच का? कारण एका गल्लीतली कुत्री हटवली की अन्न आणि जागा मोकळी होते आणि शेजारच्या गल्लीतली नवी, बिनलसीची कुत्री तिथे येतात. लस घेतलेले, नसबंदी झालेले कुत्रे आपल्या जागी राहिले तर ते नव्यांना येऊ देत नाही आणि संख्याही वाढत नाही. कुत्रीचा गाभणकाळ अवघा त्रेसष्ट दिवसांच्या आसपास असतो आणि ती बहुधा वर्षातून दोनदा माजावर येते. त्यामुळे ऑपरेशन अर्धवट राबवले तर चार-सहा महिन्यांत केलेले सगळे पाण्यात जाते.

याच नियमांत २००१ पासून एक साधी गोष्ट लिहून ठेवली होती. कुत्री पकडायला गाडी गेली की त्या भागात लाऊडस्पीकरवरून सांगायचे, की ही कुत्री नसबंदी आणि लसीकरणासाठी नेत आहोत आणि याच भागात परत सोडणार आहोत. पकडलेल्या कुत्र्याच्या गळ्यात क्रमांकाचा पट्टा घालायचा आणि सोडल्याची तारीख, वेळ आणि ठिकाण नोंदवायचे. म्हणजे आजीने जे मागितले ते काही नवे नव्हते. सांगून नेणे हा कुणाचा चांगुलपणा नव्हता, तो नियम होता. पण लाऊडस्पीकरचे तोंड खिडक्यांकडे असते, फुटपाथकडे नसते. ज्याला रहिवासीच धरत नाहीत, त्याला सूचना कोण देणार?

खरी गाठ इथे आहे. कायद्याच्या लेखी कुत्री दोन जातींची. एक पाळीव, दुसरी रस्त्यावरची. पाळीव कुत्र्याला मालक असतो आणि मालकाला पत्ता असतो. त्याच्या नावाने परवाना निघतो, लसीचे कार्ड निघते. रस्त्यावरच्या कुत्र्याला मालक नसतो. मग आजीची काळी कोण? ती आजीच्या हातचे खाते, आजीच्या पायाशी झोपते, आजीच्या हाकेला येते. तरी ती बेवारस. कारण आजीच बेवारस! ज्याला पत्ता नाही त्याला कुत्रेही नाही.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी आणि श्वपचांनी गावाबाहेर राहावे आणि कुत्री व गाढवे हेच त्यांचे धन असावे, असा दंडक आहे. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्या ग्रंथाची होळी केली. पण गंमत पाहा. ज्या मनूने आमच्याकडून सगळे हिसकावून घेतले, त्याने निदान कुत्रे तरी आमच्या नावावर मांडले होते. आजच्या लोकशाहीतल्या रजिस्टरात गावाबाहेरच्या माणसाच्या नावावर तेही नाही.

आणि ही नारायण पेठ कुठली? नारायणराव पेशव्याच्या नावाची. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याने गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधून चालायचे, हा इतिहास बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या भाषणात जगापुढे मांडला. त्याच गल्ल्यांतून कुत्रे मोकळे फिरत होते. महाडच्या चवदार तळ्यावर जनावर पाणी पीत होते आणि माणसाला बंदी होती. म्हणूनच १९३१ साली मणिभवनात बाबासाहेबांनी गांधीजींना तोंडावर सुनावले, की कुत्र्या-मांजराहूनही हीन वागणूक देणाऱ्या भूमीला आम्ही मायभूमी कसे म्हणावे? ही तुलना आपल्या काळजात रुतलेली आहे. कुत्र्याचा विषय निघाला की आपल्याला राग का येतो, त्याचे मूळ तिथे आहे. पण बाबासाहेबांचा राग कुत्र्यावर नव्हता. माणसाला कुत्र्याच्या खाली बसवणाऱ्या व्यवस्थेवर होता. कुत्र्याला हाकलून माणूस वर येत नाही. दोघांनाही एकाच गाडीत कोंबणारी जी नजर आहे, तिच्याशी आपले भांडण आहे.

ही अलंकारिक भाषा नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली गेला. सातच वर्षांनी, १९५९ साली, मुंबई भिक्षा प्रतिबंध कायदा आला. भीक मागताना दिसला म्हणून माणसाला उचलायचे, कोर्टापुढे उभे करायचे आणि भिक्षेकरी गृहात ठेवायचे. दिल्लीत लागू केलेल्या याच कायद्याची मुख्य कलमे तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ साली घटनाबाह्य ठरवली. कुत्र्यासाठी किमान जिथून उचलले तिथे परत सोडण्याचा नियम तरी लिहिला गेला. उचललेल्या माणसाला कुठे सोडायचे, याची फिकीर कुणी केली?

आता रोगाकडे येऊ, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. रेबीज एकदा अंगात भिनला की त्यावर औषध नाही, मरण ठरलेले. माणसाला होणारा जवळजवळ सगळा रेबीज कुत्र्याच्या चाव्यातून होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे याने मरतात. मरणाऱ्यांत मोठा वाटा पंधरा वर्षांखालच्या मुलांचा असतो आणि मरण बहुतेक गरिबाच्याच घरी येते. उपाय मात्र साधा आहे. चावल्याबरोबर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवसापासून लस घ्यायची. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचा जमाना २००५ साली ती जुनी लस बंद झाली तेव्हाच संपला. आता दंडात चार-पाच मात्रा पुरतात. जखम खोल असेल तर त्यासोबत जखमेत वेगळे औषध भरावे लागते.

पण हा साधा उपाय फुटपाथवर उभे राहून वाचा. वाहते पाणी कुठे आहे? साबण कुठे आहे? सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते हे खरे. पण ससून किंवा कमला नेहरू रुग्णालयापर्यंत पायी जायचे, रांगेत उभे राहायचे, पुन्हा तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या दिवशी जायचे, म्हणजे चार दिवसांची मजुरी बुडाली आणि चार वेळा बोचके राखणीशिवाय सोडले. दुसऱ्या मात्रेनंतर माणूस येत नाही, आणि मग आपण म्हणतो, अडाणी लोक, यांना कळत नाही. कळते सगळे. परवडत नाही.

म्हणून माणसाला वाचवायचे तर लस आधी कुत्र्याला टोचली पाहिजे. एखाद्या भागातल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळत राहिली तर रोगाची साखळी तुटते, असे शास्त्र सांगते. हे नुसते पुस्तकातले नाही. शेजारच्या गोव्यात २०१४ पासून सरकार आणि 'मिशन रेबीज' या संस्थेने दारोदार आणि गल्लोगल्ली जाऊन कुत्र्यांना लस टोचली, शाळांत मुलांना शिकवले आणि पिसाळलेल्या कुत्र्याची खबर देण्यासाठी व्यवस्था उभी केली. २०१८ ते २०२० या तीन वर्षांत तिथे रेबीजने एकही माणूस दगावला नाही. गोव्याला जमले ते पुण्याला का जमू नये?

जमेल, पण एका अटीवर. रस्त्यावरच्या कुत्र्याला हात कोण लावू शकतो? ज्याच्या हातचे ते खाते तोच. जाळे पाहून पळणारी काळी आजीच्या एका हाकेवर येते. कुठली कुत्री गाभण आहे, कुठली नवी आली, कुठले कुत्रे दोन दिवस लाळ गाळते आहे, ही माहिती कुठल्याही कार्यालयात नाही. ती फुटपाथवर आहे. ज्याला आपण अडथळा समजून उठवतो, तोच या मोहिमेचा सर्वांत चांगला कार्यकर्ता होऊ शकतो. लंडनमध्ये २०१६ साली 'स्ट्रीटव्हेट' नावाने काही पशुवैद्य पाठीला पिशवी अडकवून रस्त्यावर उतरले आणि बेघरांच्या कुत्र्यांना तिथेच तपासू लागले. अमेरिकेत २००८ पासून 'फीडिंग पेट्स ऑफ द होमलेस' ही संस्था बेघरांच्या जनावरांचे खाणे आणि औषधपाणी पाहते. त्यांनी आधी एक गोष्ट मान्य केली, की हे कुत्रे या माणसाचे आहे. बाकी सगळे त्यानंतर सोपे झाले.

आपल्याकडे वारे उलटे वाहते आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलण्याचा आदेश दिला. मग २२ ऑगस्टला तो बदलून, नसबंदी आणि लस झालेली कुत्री, पिसाळलेली आणि आक्रमक सोडून, मूळ जागी सोडायला सांगितले. त्याच वेळी रस्त्यावर कुठेही खाऊ घालण्यास मनाई केली आणि त्यासाठी ठरावीक जागा नेमायला सांगितल्या. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बस स्थानके आणि रेल्वे स्थानके इथली कुत्री हटवून तिथे परत न सोडण्यास सांगितले. कुत्रे चावलेल्या लेकरांच्या आईबापांचे दुःख खोटे नाही आणि न्यायालयाची चिंताही समजण्यासारखी आहे. पण एक प्रश्न आम्ही विचारणारच. ज्याचे घरच रस्ता आहे, त्याने आपल्या ताटातली अर्धी भाकर आपल्या कुत्र्याला घालायची कुठे? आणि स्टेशनाच्या, बस स्थानकाच्या आवारात रात्र काढणाऱ्या बाईची राखण करणारे कुत्रे उचलले, तर त्या रात्रीपासून तिची राखण कोण करणार?

उत्तर मिळेल, निवारागृहे आहेत ना! सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितले होते, शहरात एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेच्या हद्दीत एकतीस लाखांवर लोक होते. करा हिशेब. त्याच जनगणनेने देशात सुमारे १७ लाख ७० हजार आणि महाराष्ट्रात २ लाख १० हजारांवर बेघर मोजले. रात्री उघड्यावर झोपणारा माणूस मोजणीत किती सापडतो, हे वेगळे सांगायला नको. आणि निवारा मिळाला तरी? आजीला मी विचारले, निवाऱ्यात का जात नाही? ती म्हणाली, "गेल्ते. कुत्रं भाईर म्हनाले. मंग म्या बी भाईर."

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. कुत्री पकडायला गाडी येईल तेव्हा फुटपाथवरच्या माणसाला आधी सांगा आणि त्याच्या भाषेत सांगा. त्याच्या हाती एक चिठ्ठी द्या, तिच्यावर कुत्र्याच्या पट्ट्याचा क्रमांक आणि परत आणण्याचा दिवस लिहा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. कार्डावर सांभाळणारा म्हणून त्याचे नाव घाला, पत्त्याच्या जागी 'अमुक दुकानाची पायरी' लिहिले तरी चालेल. टाके भरेपर्यंत कुत्रीला ठेवून घ्या, फुटपाथच्या चिखलात आणून टाकू नका. दर वर्षी लस टोचायला रात्री या, कारण दिवसा हा माणूस कामावर असतो. त्याच वेळी माणसालाही विचारा, तुला कधी चावले का, लस पुरी झाली का? निवारागृहाच्या अंगणात चार कुत्री बांधायला एक पत्र्याची शेड करा. आणि त्या गाडीवर जाळे धरणाऱ्या कामगाराला आगाऊ रेबीजची लस, हातमोजे आणि कायम नोकरी द्या. तो हात कुठल्या वस्तीतून येतो, हे या दैनिकाच्या वाचकाला सांगायला नको.

हे काम कोण करणार? नेहमीप्रमाणे कुणी तरी करील म्हणून आपण थांबायचे का? पुण्यात आपली विहारे आहेत, तरुणांची मंडळे आहेत. रविवारच्या वंदनेनंतर चार तरुणांनी एका पेठेतला एक रस्ता घ्यावा. तिथे झोपणाऱ्यांची आणि त्यांच्या कुत्र्यांची यादी करावी. पशुवैद्यक विभागाकडे अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि गाडी येईल त्या दिवशी तिथे हजर राहावे. दुसऱ्या मात्रेनंतर थांबलेल्या माणसाला तिसऱ्या मात्रेला स्वतः घेऊन जावे. याला मोठा निधी लागत नाही, सभागृह लागत नाही.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात करुणा आणि मैत्री यांत फरक केला आहे. करुणा माणसापुरती, मैत्री सर्व जीवमात्रांपर्यंत. पंचशीलातले पहिले शीलही तेच शिकवते. पण माणसाला ओलांडून कुत्र्यापर्यंत जाणारी दया ही मैत्री नव्हे. ती बिस्किटवाल्याची हौस झाली. मैत्रीची वाट माणसातून जाते. आजीपर्यंत पोहोचलो तरच काळीपर्यंत पोहोचू.

निघताना मी आजीला म्हटले, पुढच्या वेळी लसीची गाडी येईल तेव्हा मी स्वतः येऊन सांगीन. ती म्हणाली, "ये. पर काळीचं नाव लिव्ह म्हणावं. आन खाली माझंबी लिव्ह."

तेवढेच करायचे आहे. दोघांचीही नावे लिहायची आहेत.